रोटरी इंजिन घडवायचंय? आधी शाफ्ट कातायला शिका

मोटारीचं नेहमीचं इंजिन उघडलं की पिस्टन, कनेक्टिंग रॉड, कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह, त्यांच्या स्प्रिंगा असा मोठा पसारा टेबलावर येतो. दोन रोटरचं वांकेल इंजिन उघडलं तर हलणारे मुख्य भाग तीनच निघतात: दोन तिकोनी रोटर आणि त्यांच्यामधून जाणारा एक एक्सेंट्रिक शाफ्ट. हा सुटसुटीतपणा पाहूनच अनेकांना वाटतं की असं इंजिन आपणही घडवू शकू. घडवता येतं. मात्र भाग कमी असले की प्रत्येक भागाकडून मागणी वाढते. एका रोटरला तीन एपेक्स सील, सहा साइड सील आणि सहा कॉर्नर सील असतात. या पंधरा बारीक तुकड्यांना आपापल्या खाचांत मोकळेपणी हलताही आलं पाहिजे आणि वायूही अडवता आला पाहिजे. त्यातला एक जरी अडकला तरी कॉम्प्रेशन गेलं.

म्हणून रोटरीच्या वेडानं झपाटलेल्या प्रत्येकाला माझं सांगणं एकच असतं. इंजिनाचं डिझाइन थोडं बाजूला ठेवा आणि कोणतं काम आधी शिकायचं, कोणतं नंतर, हे ठरवा. शाफ्ट सगळ्यात आधी, रोटर ज्यात फिरतो ते हाउसिंग सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलट करतात. हाउसिंगचा तो कमरेत दबलेला वक्र मोहात पाडतो, सगळे पैसे त्यावर खर्च होतात आणि शाफ्टचं काम आलं की हात थांबतो.

हे शिकायला मुंबईतल्या भायखळ्यापेक्षा चांगली जागा शोधावी लागेल. व्हीजेटीआय ही अभियांत्रिकी संस्था आज माटुंग्याला आहे, पण १८८७ साली ती सुरू झाली भायखळ्यात आणि १९२३ पर्यंत इथेच होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच संस्थेत ड्रॉइंगचे शिक्षक होते. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते चित्रकला शिकायला आले, पण रंगांधळेपणामुळे रंगकाम सुटलं आणि ते मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले. नोकरी होती नकाशे शिकवण्याची, पण रिकाम्या वेळात ते वर्कशॉपमध्ये जाऊन यंत्रं हाताळत, समजून घेत. पुढे बेळगावातलं सायकलींचं दुकान, कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर आणि १९१० साली किर्लोस्करवाडी. १९४१ मध्ये हरिहरला सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करच्या लेथवर तर देशभरातल्या कितीतरी टर्नरांचे हात तयार झाले. लक्ष्मणरावांच्या आयुष्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे नकाशा कळणारा माणूस आपणहून यंत्रापाशी गेला. आज आपल्याकडे संगणकावर सुंदर नकाशे काढणारी मुलं खूप आहेत आणि लेथ उत्तम चालवणारीही खूप आहेत. दोन्ही येणारी फार थोडी. रोटरीला दोन्ही लागतं.

शिकायचं कुठे? दहावी झाली असेल आणि दोन वर्षं देता येत असतील तर आयटीआयचा रस्ता सरळ आहे. सात रस्त्याच्या 'मुंबई ११' आयटीआयचा पर्याय भायखळ्याहून जवळचा. टर्नर, मशिनिस्ट, मशिनिस्ट ग्राइंडर, फिटर, टूल अँड डाय मेकर हे सगळे दोन-दोन वर्षांचे ट्रेड. रोटरीसाठी निवडायचा झाला तर मी मशिनिस्ट किंवा टूल अँड डाय मेकर सांगेन, कारण त्यात लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग तिन्ही हाताखालून जातात. पुढे अप्रेंटिसशिपसाठी माझगाव डॉक आणि मध्य रेल्वेची परळ, माटुंगा वर्कशॉप आहेत. तिथे जुन्या कारागिरांच्या शेजारी उभं राहून जे मिळतं ते कुठल्याच पुस्तकात नाही. पदविका हवी असेल तर अंजुमन-ए-इस्लामचं साबू सिद्दिक पॉलिटेक्निक भायखळ्यातच आहे. सायन-चुनाभट्टीच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे जुन्या एटीआयमध्ये, कमी मुदतीचे वर्गही असतात. नोकरदारांनी तिथे चौकशी करावी.

या सगळ्यांपैकी काहीच शक्य नसेल तर गाळा गाठा. घोडपदेव, रे रोड, माझगावच्या बाजूला जॉबवर्क करणारी छोटी वर्कशॉप अजून आहेत. मिस्त्रींना पहिल्याच दिवशी इंजिनाची गोष्ट सांगू नका. संध्याकाळी दोन तास येऊ का, मशीन पुसेन, बुरादा काढेन, टूल घासायला शिकवा, एवढंच म्हणा. लेथचं टूल ग्राइंडरवर हातानं घासून धार लावता आली की तुमच्याकडे पाहायची त्यांची नजर बदलते.

पहिले काही महिने फक्त दोन गोष्टींना द्या: कानस आणि मापन. कानशीनं गोल सळईतून काटकोनी चौकोन काढणं, एका पट्टीतली खाच आणि दुसरीतला दात प्रकाश न दिसता बसवणं, हे कंटाळवाणं वाटतं, पण यातून हाताला सपाटी कळते. सरफेस प्लेटवर निळा रंग लावून जॉब घासला की कुठे टेकतो, कुठे नाही ते दिसतं. ही निळाईची परीक्षा पुढे रोटरीत पावलोपावली लागते. साइड प्लेट सपाट नसेल तर साइड सील कितीही चांगले असोत, तेल आणि वायू दोन्ही गळणार.

मापनाचा सराव असा करा. एक ग्राइंड करून गुळगुळीत केलेला पिन घ्या आणि मायक्रोमीटरनं एकाच जागी दहादा मोजा. प्रत्येक वेळी आकडा वहीत लिहा. शेवटच्या अंकात चढउतार दिसत असतील तर तुमचा हात अजून कच्चा आहे. रॅचेट वापरा, बोटांच्या जोरावर विसंबू नका. व्हर्निअरवर ०.०२ मि.मी. वाचता येतं, पण ते मोजता येतं असं समजू नका. बेअरिंग बसायच्या जागा मायक्रोमीटर आणि बोअर गेजनंच मोजायच्या.

मुंबईत मापनाचा आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे उकाडा. जगभरात मापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस धरतात. आपल्या गाळ्यात एप्रिलमध्ये ३२ अंश सहज असतात. ॲल्युमिनियम दर मीटरला, दर अंशाला सुमारे २३ मायक्रॉन वाढतं. २४० मि.मी. रुंदीचं हाउसिंग घेतलं तर १२ अंशांच्या फरकानं ते ०.०६६ मि.मी. वाढलेलं असतं. त्याच मापाचा पोलादी तुकडा याच्या निम्माच वाढतो. म्हणजे ॲल्युमिनियमचं हाउसिंग आणि पोलादी गेज एकाच टेबलावर ठेवले तरी ते दोघं एकमेकांशी खरं बोलत नाहीत. हिशोब मांडून दुरुस्ती करायला शिका. नुकतंच कातलेलं काम तर लगेच मोजूच नका. जॉब, मायक्रोमीटर आणि मास्टर गेज एकत्र ठेवून चहा पिऊन या, मग मोजा. पावसाळ्यात मोजलेल्या भागावर तेलाचा हात फिरवल्याशिवाय घरी जाऊ नका, समुद्राच्या हवेत गंज लगेच धरतो.

आता लेथ. फेसिंग, टर्निंग, बोअरिंग, आटे, टेपर हे सगळं नीट आलं पाहिजे. वेग अंदाजानं लावू नका. एचएसएस टूलनं साधं पोलाद कातताना कापण्याचा वेग मिनिटाला ३० मीटरच्या आसपास धरतात. ४० मि.मी. व्यासाच्या सळईला तो मिनिटाला सुमारे २४० फेऱ्यांना बसतो. हा हिशोब एकदा अंगवळणी पडला की टूल जळायचं थांबतं.

यानंतर येतो एक्सेंट्रिक शाफ्ट, आणि इथे मी तुम्हाला मुद्दाम रेंगाळायला सांगेन. या शाफ्टावर मुख्य जर्नलच्या मध्यापासून बाजूला सरकलेले गोल लोब असतात. जेवढं सरकलेलं अंतर तेवढी उत्केंद्रता. मोठ्या इंजिनाआधी सरावाला लहान शाफ्ट घ्या: उत्केंद्रता ४ मि.मी., साहित्य ईएन ८ ची सळई. चार जबड्यांच्या चकमध्ये जॉब बाजूला सरकवून डायल लावला तर एका फेरीत काटा ८ मि.मी. फिरला पाहिजे, म्हणजे उत्केंद्रतेच्या दुप्पट. हे नेहमीच्या १० मि.मी.च्या डायलवर दिसतं. माझदाच्या १३बी या रोटरी इंजिनाची उत्केंद्रता १५ मि.मी. आहे. तिथे डायलला ३० मि.मी.ची हालचाल लागेल आणि साधा डायल पुरणार नाही. म्हणून मोठा शाफ्ट सेंटरांमध्ये धरून कातायचा. सळईच्या दोन्ही तोंडांवर मुख्य सेंटर आणि सरकवलेले सेंटर आधी पाडून ठेवायचे. सळई व्ही ब्लॉकवर घट्ट बांधा आणि हाइट गेजनं दोन्ही तोंडं एकाच बांधणीत आखा, मध्ये सळई जराही फिरवू नका. दोन तोंडांवरची सेंटरं एकाच प्रतलात नसतील तर लोबचा अक्ष तिरका जातो, रोटर एका कडेला घासतो आणि ती चूक नंतर कशानंही निघत नाही. शक्य असेल तर ही सेंटरं मिलिंग मशीनवर पाडून घ्या. कातताना पहिले काप तुटक बसतात, टूलला फेरीगणिक धक्का बसतो. वेग कमी, काप उथळ. फेस प्लेटवर समोरच्या बाजूला वजन बांधून तोल साधल्याशिवाय मशीन सुरू करू नका.

दोन रोटरच्या शाफ्टावर दोन लोब १८० अंशांवर असतात. असा एक शाफ्ट तयार करून दोन्ही लोबांची उत्केंद्रता एकमेकींशी ०.०२ मि.मी.च्या आत जुळली, तर कातकाम तुम्हाला आलं असं मी म्हणेन. तीन रोटरला गेलात की नवी अडचण उभी राहते. रोटर लोबवर शाफ्टाच्या टोकाकडून चढवावा लागतो, त्यामुळे मधल्या लोबवरचा रोटर आणि मधलं बेअरिंग अखंड शाफ्टावर बसवता येत नाही. माझदानं १९९० च्या युनोस कॉस्मोतल्या २०बी इंजिनात शाफ्ट दोन तुकड्यांत करून टेपर सांध्यानं जोडला. टेपर कातणं आणि निळा रंग लावून तो पूर्ण टेकतो का पाहणं इथे पुन्हा उपयोगी पडतं. मोटारीचं इंजिन 'आपलं' करायचं म्हणजे बहुतेकदा हेच: रोटर आणि हाउसिंग माझदाचे, जपानमधून जुने मागवलेले, लांब शाफ्ट, मधल्या प्लेटा, टेन्शन बोल्ट आणि फ्लायव्हील मात्र स्वतः घडवलेले. पहिल्या मोठ्या इंजिनासाठी मी याच मार्गाची शिफारस करतो.

तरी एकदा पूर्ण इंजिन शून्यापासून करावं असं वाटणारच, आणि ते वाटलंच पाहिजे. त्यासाठी लहान आकार घ्या. ओएस कंपनीनं विमानांच्या मॉडेलांसाठी ५ सीसीच्या आतलं वांकेल इंजिन बाजारात आणलं होतं, म्हणजे लहान आकारात हे चालतं हे सिद्ध आहे. चेंबरची क्षमता काढायचा हिशोब सोपा आहे: उत्केंद्रता, जनक त्रिज्या (रोटरच्या मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर) आणि रोटरची रुंदी यांचा गुणाकार करून त्याला ५.१९६ नं गुणा. १३बीसाठी १५, १०५ आणि ८० घेतले की ६५४ सीसी येतात. तुम्ही ४, २८ आणि २० घेतले तर साडेअकरा सीसीच्या थोडं वर येईल. जनक त्रिज्येला उत्केंद्रतेनं भागून येणारा आकडा दोन्हीकडे ७ आहे, म्हणजे आकार लहान झाला तरी प्रमाण तेच राहिलं. लहान इंजिनात गळती प्रमाणानं जास्त असते, ते चिडवेल, पण शिकवेल भरपूर.

हाउसिंगचा वक्र दोन रीतींनी काढता येतो. एक सीएनसीची: मोठी त्रिज्या (जनक त्रिज्या) एक फेरा घेते तेव्हा टोकाची लहान त्रिज्या (उत्केंद्रता) तीन फेरे घेते, या नियमानं बिंदू काढायचे. १३बीच्या आकाराला अर्ध्या-अर्ध्या अंशावर ७२० बिंदू घेतले तर दोन बिंदूंमधली सरळ रेषा खऱ्या वक्रापासून अडीच मायक्रॉनपेक्षा दूर जात नाही. साध्या स्प्रेडशीटमध्ये हे होतं. एपेक्स सीलचं टोक गोल असतं, त्यामुळे पूर्ण वक्र त्या गोलाईइतका बाहेर ढकलायला विसरू नका. दुसरी रीत जुन्या मिलिंग मशीनवरची. इंजिनात हाउसिंग स्थिर असतं आणि रोटर फिरतो. इथे कटर स्थिर ठेवायचा आणि हाउसिंगच २:३ गुणोत्तराच्या गिअरांवर व एक्सेंट्रिकवर बसवून फिरवायचं. अशी फिक्श्चर बांधायला वेळ लागतो, पण बांधून झाली की इंजिनाची पूर्ण गती हाताला समजते. ज्यांना घाई नाही त्यांनी ही रीत जरूर करावी.

स्थिर गिअर आणि त्याला लागणारा रोटरच्या आतला गिअर यांचं गुणोत्तरही २:३ असतं. आतले दात वायरकटनं काढून घ्या. तिथे घरगुती धाडस नको.

काही कामं बाहेर द्यावीच लागतात आणि त्यात कमीपणा नाही. हाउसिंगच्या आतल्या पृष्ठभागाचा लेप हे त्यातलं पहिलं. आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण महाराष्ट्राशी जोडलेलं आहे. डीआरडीओच्या 'निशांत' या वैमानिकाविना उडणाऱ्या विमानासाठी ५५ अश्वशक्तीचं वांकेल इंजिन देशातच तयार झालं. अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची व्हीआरडीई, बंगळुरूची नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज आणि एडीई या तीन संस्थांनी ते केलं आणि मार्च २००९ मध्ये कोलारला ते उडवून पाहिलं. त्याच्या हाउसिंगसाठी निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा खास लेप विकसित करावा लागला. माझदालाही १९६० च्या दशकात सीलच्या थरथरीनं हाउसिंगवर उठणाऱ्या ओरखड्यांनी हैराण केलं होतं. तिथले इंजिनियर त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची सीलं आल्यावरच १९६७ ची कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. याच घराण्यातल्या चार रोटरच्या इंजिनानं १९९१ मध्ये ल मान्सची शर्यत जिंकली. तेव्हा लेप आणि सील यांच्याबाबतीत जाणकारांचं ऐका.

साहित्याबद्दल थोडं. टूल, बेअरिंग, मापनाची साधनं नागदेवी स्ट्रीटला, धातू गुलालवाडी-कीका स्ट्रीटला. दारूखान्यात जहाजांच्या भंगारातून जाड सळया स्वस्त मिळतात आणि सरावाला त्या उत्तम. शाफ्टाला मात्र कधीही वापरू नका, कारण ते पोलाद कोणत्या जातीचं आहे हे कुणीच सांगू शकत नाही. शाफ्टासाठी ईएन २४ सारखं पोलाद टेस्ट सर्टिफिकेटसह घ्या. हार्डनिंग आणि सिलिंड्रिकल ग्राइंडिंग जॉबवर्कनं करून घ्या, पण ग्राइंडिंगसाठी किती माप शिल्लक ठेवायचं ते आधी त्या कारागिराला विचारा. ओतकाम लागलं तर कोल्हापूरच्या फाउंड्र्यांचा हात धरा.

मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत. लांब बाही, गळ्यातला दोरा, ओढणी, मोकळे केस, अंगठी, काही नको. चकची चावी चकमध्ये एक क्षणही विसरायची नाही. बुरादा हातानं ओढायचा नाही, तो आकड्यानं काढायचा. डोळ्यांना चष्मा कायम. हे सगळं तुम्हाला माहीत असेल, तरीही मी लिहिणार, कारण बोट गेलं तर मायक्रोमीटर धरायला दुसरं बोट मिळत नाही.

इंजिन जुळलं की लगेच पेट्रोल घालू नका. आधी बाहेरच्या विजेच्या मोटारीनं ते फिरवा, तेल द्या, तासाभरानं उघडा. हाउसिंगवर चकाकी सर्वत्र सारखी आहे की कमरेपाशी आडव्या लाटा दिसतात ते बघा. रोटरच्या तिन्ही बाजूंचं कॉम्प्रेशन वेगवेगळं मोजा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. मगच उघड्या जागेत, फ्लायव्हीलसमोर जाड पोलादी पत्रा लावून, अग्निशामक हाताशी ठेवून पहिली ठिणगी द्या. गाळ्यात, वेल्डिंगच्या शेजारी, कदापि नाही.

आणि मोटारीत बसवण्याआधी कायदा पाहा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला मनानं करता येत नाही. स्वतः घडवलेलं इंजिन म्हणजे उत्सर्जनाच्या आणि सुरक्षेच्या चाचण्यांचाही प्रश्न आला, आणि त्या पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई यांसारख्या अधिकृत संस्थांत होतात. एका माणसाच्या एका इंजिनासाठी तो रस्ता फार अवघड आहे. म्हणून पहिलं इंजिन स्टँडवर चालवा, पुढचं शर्यतीच्या बंद ट्रॅकवरच्या गाडीत बसवा. प्रत्येक वेळी उघडल्यावर शाफ्टाची, सीलच्या खाचांची आणि हाउसिंगची मापं तारीख घालून त्याच वहीत उतरवा, जिच्यात तुम्ही तो पिन दहादा मोजला होता.